डाइकवर काढलेलं पंक्चर

ही हकीकत मी धाकट्या बहिणीच्या नकळत लिहितो आहे. ती मराठी फारसं वाचत नाही, एवढ्या एका भरवशावर. वाचलंच तर पुढच्या भाऊबीजेला ओवाळणीचं ताट माझ्या डोक्यात बसेल, आणि ते मला मान्य आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आइंडहोव्हनला आली होती. आई त्र्याहत्तर वर्षांची. पुण्यात एकटी राहते, छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं ती दुचाकीवरून शाळेत गेली. आधी मोपेड, मग दुसरी मोपेड, आणि आता बिनगिअरची निळी स्कूटर. भाजी, बँक, डोळ्यांचे डॉक्टर, मैत्रिणींची भिशी, सगळं त्या स्कूटरवर. बाबा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी ती स्कूटर काढून टेलिफोनचं बिल भरायला गेली होती. नातेवाइकांनी नाकं मुरडली. आई म्हणाली, फोन कट झाला असता तर तुम्हीच बोंबलला असतात.

तर तिच्या येण्याआधी, मार्च महिन्यात, ती कोपऱ्यावर स्कूटरवरून पडली. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. तिने कुणाला सांगितलं नाही. समोरच्या काकूंनी गॅलरीतून पाहिलं आणि बहिणीला फोन केला. बहीण पुण्यातच राहते, आईपासून अर्ध्या तासावर. तिने मला फोन केला, आणि दोघांनी मिळून आईच्या पाठीमागे ठरवलं की स्कूटर विकायची.

खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. पुण्याहून अवेळी फोन आला की मी आधी बायकोला उठवतो आणि मग फोन उचलतो. त्यामुळे बहीण म्हणाली, "दादा, ती तुझ्याकडे आहे तेवढ्यात तू तिला पटव. तुझं ऐकते ती," तेव्हा मी हो म्हटलं. आई माझं ऐकते हा आमच्या घरातला सगळ्यात जुना गैरसमज आहे. तो बहिणीला आहे, आईला कधीच नव्हता.

"गिऱ्हाईक पण तयार आहे," बहीण म्हणाली. "माझ्या ऑफिसातली मुलगी आहे. फक्त किल्ली सापडत नाहीये. सगळं घर पालथं घातलं मी. तू बोलता बोलता काढून घे तिच्याकडून."

एवढं सोपं काम. मी ते अकरा आठवडे केलं नाही.

रोज सकाळी ठरवायचो, आज बोलायचं. चहाच्या वेळी तोंड उघडायचो. "आई," म्हणायचो. ती वर बघायची. "अजून चहा हवा का?" मी विचारायचो. त्या तीन महिन्यांत आई इतका चहा प्यायली की बायकोने मला विचारलं, तू त्यांच्यावर काही प्रयोग करतो आहेस का.

आईचाही वेळ जात नव्हता. आमच्या घरात तिला काही करूच देत नव्हतो आम्ही. भांडी यंत्र घासतं, फरशी दुसरं यंत्र पुसतं, नात शाळेतून सायकलने एकटी येते आणि आजीच्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देऊन खोलीत जाते. आई काहीही करायला उठली की मी म्हणायचो, "आई, इथे तसं नसतं." गॅलरीत गोधडी वाळत घालू नको, इथे तसं नसतं. शेजारणीकडे न विचारता वाटी घेऊन जाऊ नको, इथे तसं नसतं. शेवटी ती खाली शेडमध्ये जाऊन माझी मोटरसायकल पुसायला लागली. रोज सकाळी, फडक्याने, आरशांसकट.

ती मोटरसायकल मी पन्नासाव्या वर्षी घेतली. जुनी आहे, पण दणकट आहे. इथलं लायसन्स काढताना मी दोनदा नापास झालो, हे आईला सांगितलेलं नाही. एका सकाळी ती मागच्या टायरवर अंगठा दाबून म्हणाली, "हवा कमी वाटते रे. आणि इथे काहीतरी चमकतंय."

"आई, इथे तसं नसतं," मी म्हणालो. "ही टायरं वेगळी असतात."

तिने फडकं झटकलं आणि वर गेली.

तिच्या परतीला आठ दिवस उरले, बहिणीचे मेसेज दिवसाला चार झाले, आणि मला एक युक्ती सुचली. आईला मोटरसायकलवरून फिरायला न्यायचं, छान हवेत, नदीकाठी, आणि ती खूश असतानाच विषय काढायचा. दुचाकी सोड हे सांगायला आपण बाईला दुचाकीवर बसवून नेतो आहोत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी नॅनोमीटरमध्ये मोजमाप करणाऱ्या यंत्रांवर काम करतो. मोठ्या गोष्टी कधी कधी निसटतात.

शुक्रवारी सुट्टी टाकली, कारण मास नदीच्या ज्या डाइकवरून मला जायचं होतं तिथे शनिवार-रविवारी मोटरसायकलींना बंदी असते. डाइक म्हणजे पुराचं पाणी अडवायला घातलेला मातीचा उंच बांध, त्याच्या माथ्यावरून अरुंद डांबरी रस्ता जातो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं, मेंढ्या आणि कौलारू घरं. आईने पंजाबी ड्रेसवर सुनेचं जाड जॅकेट चढवलं, हेल्मेट घातलं, आणि मी "पाय इथे ठेव" म्हणायच्या आत टांग टाकून बसली.

"चल," म्हणाली. "आणि उगाच घाबरत चालवू नकोस. मागच्याला कळतं."

तासभर मस्त गेलो. आई मागून मेंढ्या मोजत होती. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होतो. 'आई, तुझ्या काळजीपोटी' असं सुरू करावं की 'आई, आता रहदारी किती वाढली आहे' असं, याचा निर्णय होत नव्हता. तेवढ्यात गाडीचं बूड डावीकडे सरकलं, मग उजवीकडे. हँडल हातात वळवळलं. मी थेट मेंढ्यांच्या कुंपणाच्या दिशेने निघालो, कसाबसा सावरलो आणि गवताच्या कडेला थांबलो. 

"पंक्चर," हेल्मेटच्या आतून आवाज आला.

"नाही गं, रस्ता जरा तसा आहे."

"रस्ता चांगला आहे. पंक्चर."

उतरून पाहिलं. मागचं टायर जमिनीला टेकलं होतं. त्यात एक स्क्रू बसला होता, चांगला चमकत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली आणि मी नदीकडे बघत राहिलो.

मोटरसायकल मी ढकलत वीस-तीस पावलं पुढे नेली. तिथे एका शेताचं फाटक होतं आणि स्टँड लावण्यापुरती सपाट फरसबंदी. मग रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांसाठी असते त्या मदत सेवेला फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, तुमच्या जवळच्या अंतराच्या खांबावरचा आकडा सांगा. खांब शोधत मी बराच लांब गेलो. आकडा सांगितल्यावर बाई गोड आवाजात म्हणाल्या, दोन तास लागतील. दोन तास! मी त्यांच्याशी डचमध्ये भांडलो. डचमध्ये मला नीट भांडता येत नाही, शेवटी मीच धन्यवाद म्हणून फोन ठेवतो. तसाच ठेवला.

परत वळलो आणि पाहतो तर काय, ज्या जागी गाडी पहिल्यांदा थांबली होती तिथे रस्त्याच्या कडेला आई बसली होती आणि एक डच आजीबाई तिला मिठी मारून रडत होत्या. आई त्यांची पाठ थोपटत होती.

मी धावत सुटलो.

झालं होतं ते असं. गाडी बंद पडली की मागे दगड मांडायचे आणि वर झाडाची फांदी ठेवायची, म्हणजे मागून येणारा सावध होतो, हे आपल्याकडे कुणालाही शिकवावं लागत नाही. मी फोनवर असताना आईने फाटकाजवळच्या ढिगातले सहा-सात दगड आणून गवतावर गोल मांडले. खाली पडलेली एक हिरवी फांदी आणून त्यात खोचली. वारा जोराचा होता, फांदी उडायला लागली, म्हणून तिच्या बुंध्यावर आपलं हेल्मेट ठेवलं. आणि मग, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, शेजारी मांडी घालून, डोळे मिटून रामरक्षा म्हणत बसली.

आता इथली पद्धत अशी, की रस्त्यावर कुणी अपघातात गेलं तर घरचे त्या जागी दगड मांडतात, फुलं ठेवतात, त्याची एखादी वस्तू ठेवतात. आजीबाई सायकलवरून चालल्या होत्या. त्यांनी दगड पाहिले, हिरवी फांदी पाहिली, वर हेल्मेट पाहिलं, आणि शेजारी डोळे मिटून पुटपुटणारी एक म्हातारी आई पाहिली. सायकल टाकून त्या खाली बसल्या. त्यांच्या पुढच्या टोपलीत डेलियाच्या फुलांची जुडी होती, ती त्यांनी हेल्मेटपाशी ठेवली आणि आईचे दोन्ही हात धरले. आईने डोळे उघडले तर समोर एक अनोळखी बाई डोळे पुसते आहे. आईला काय कळणार? तिला वाटलं, या बाईला काहीतरी दुःख आहे. "काय झालं गं बाई तुला?" म्हणून आईने तिला जवळ घेतलं.

मी धापा टाकत पोचलो. आजीबाईंनी माझा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "तुमचा भाऊ?"

"टायर," मी म्हणालो. "मागचं टायर."

त्यांना कळेना. मी फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे माझी मोटरसायकल धडधाकट उभी होती, मागच्या बाजूने किंचित बसकी. दगड, फांदी, हेल्मेट, सगळं समजावून सांगितलं. आजीबाईंनी गाडीकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या सायकलचं हँडल धरून अशा हसल्या की सायकलची घंटा वाजायला लागली. जाताना म्हणाल्या, त्यांचे यजमान मोटरसायकल चालवायचे, म्हणून असं काही दिसलं की त्या थांबतातच. फुलं परत घ्यायला तयार झाल्या नाहीत. म्हणाल्या, मोटरसायकलला घाला.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, ओढणीने डोळे पुसले, पुन्हा हसली. मग दगडांकडे आणि फुलांकडे बघत एकदम शांतपणे म्हणाली, "माझ्या गाडीचे दिवस पण असेच घालायचं ठरलंय ना तुमचं?"

"म्हणजे?" मी म्हणालो. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवल्यावर जो 'म्हणजे' मी वापरायचो, अगदी तोच.

"म्हणजे काय म्हणजे? अकरा आठवडे झाले, तोंड उघडतोस आणि चहा विचारतोस. चहाने पित्त झालं मला. धाकटीने गिऱ्हाईक पाहिलंय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"गिऱ्हाइकानेच. माझी विद्यार्थिनी आहे ती, नववी ब. तिने फोन करून विचारलं, बाई, तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?"

पुण्यात गणिताच्या बाईंची गाडी गुपचूप विकायला निघालो होतो आम्ही. काय म्हणावं आमच्या अकलेला!

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पेट्रोल फार खाते, घेऊ नकोस. आणि तुझ्या लघुगुणकांचं काय झालं पुढे ते विचारलं." तिने हात पुढे केला. "उठव मला. मदतवाला किती वेळाने येणार?"

"दोन तास."

"काही नको. पंक्चरचं सामान आहे ना सीटखाली? मी पुसताना पाहिलंय."

होतं. गाडी घेतली तेव्हा हौसेने मागवलेला डबा, वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. आत अकरा भाषांतलं माहितीपत्रक, दोन टोचे, चिकट तपकिरी दोऱ्यांचे पाच तुकडे, आणि हवा भरायला बोटाएवढे गॅसचे दोन सिलिंडर. मी माहितीपत्रक उघडून वाचायला लागलो. आईने ओढणी कमरेला खोचली आणि फरसबंदीवर बसली.

"गॅसचं ते मी बघतो," मी म्हणालो, कारण निदान तेवढं तरी मी करावं असं मला वाटलं. एक सिलिंडर पिळला. तो फुस्स करून सगळाच्या सगळा माझ्या तळहातावर रिकामा झाला. बोटं बर्फासारखी गार पडली. मी ओरडलो.

"इथे तसं नसतं वाटतं," आई म्हणाली.

 ती कामाला लागली. माझ्याकडून गाडीच्या हत्यारांतली पक्कड मागून घेतली, स्क्रू धरला, पिळत पिळत सावकाश बाहेर काढला आणि उन्हात धरून पाहिला. जेमतेम दीड पेराचा असेल. ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"असाच होता," ती म्हणाली. "पुढच्या चाकात."

"कुठल्या?"

"माझ्या गाडीच्या. मार्चमध्ये. वळणावर एकदम हवा गेली आणि चाक सरकलं. तुझं आत्ता सरकलं ना, तसंच. तुझं मागचं होतं म्हणून सावरलास, माझं पुढचं होतं." तिने स्क्रू माझ्या हातात ठेवला. "मी उठले, गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली, समोर बसून दोरी घालून घेतली आणि तीच गाडी चालवत घरी आले. तुम्हाला काय वाटलं, मला चक्कर आली?"

आम्हाला तसंच वाटलं होतं. तोल गेला असेल, नजर कमी झाली असेल, वय झालं. दोघांनी फोनवर सगळं ठरवून टाकलं होतं.

"किती लागलं, ते सगळ्यांनी विचारलं," आई म्हणाली. "का पडलीस, असं एकाने तरी विचारलं का मला?"

आमच्या कामात एक नियम आहे. यंत्र क्षणभर जरी थांबलं, तरी 'का' हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारायचा. का थांबलं? ते तसं का झालं? मग ते का? पाचव्या 'का'पर्यंत पोचल्याशिवाय कुणी सुटा भाग बदलायचा नाही, मोडीत काढायचं तर दूरच. मी नवीन आलेल्या इंजिनिअरांना हे शिकवतो. यंत्रासाठी पाच वेळा विचारतो, आणि आई पडली तेव्हा एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. अगदी कान गरम होईपर्यंत लाज वाटली.

"आणि आत्ता तू मला घेऊन त्या मेंढ्यांवर घालत होतास," ती पुढे म्हणाली. "मग तुझी गाडी विकायची का? विचारू सुनेला?"

"नको," मी घाईघाईने म्हणालो.

"मग टोच्या दे इकडे."

तिने टोच्या भोकात घालून चार वेळा फिरवला. माझ्या हाताने केलं असतं तर टोच्या तुटला असता किंवा हात. दुसऱ्या टोच्याच्या डोळ्यात दोरी ओवली, दोन्ही हातांनी दाबून टायरमध्ये खुपसली, आणि झटक्यात टोच्या बाहेर ओढला. दोरी आत राहिली, दोन टोकं बाहेर लोंबत होती.

"ब्लेड आहे?"

ब्लेड नव्हतं. "माझ्या पर्समधला अडकित्ता काढ," ती म्हणाली. आई जेवणानंतर सुपारी खाते, दातांच्या डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून. मी पर्स उलटी केली. चष्म्याची डबी, गोळ्या, रुमालात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू, अडकित्ता, आणि लाल दोऱ्यात एकत्र बांधलेल्या स्कूटरच्या दोन किल्ल्या.

दोघांनीही त्या किल्ल्यांकडे पाहिलं.

"घरी ठेवल्या असत्या," आई म्हणाली, "तर परत गेल्यावर मला गाडी दिसली असती का?"

मी अडकित्ता दिला. तिने दोरीची टोकं कचकन कापली, बोटाला थुंकी लावून भोकावर फिरवली आणि बुडबुडा येतो का ते वाकून पाहिलं. "आई, इथे..." एवढं माझ्या तोंडून निघालं आणि मी स्वतःच गप्प बसलो.

उरलेला सिलिंडर तिने मला हात लावू दिला नाही. तो तिनेच लावला, पण त्याने टायर अर्धवटच फुगलं. आणखी हवा हवी होती आणि पंप नव्हता. तेवढ्यात लांबून डाइकवर पाच सायकलस्वार येताना दिसले. निवृत्त झालेले काका लोक, अंगाला घट्ट बसणाऱ्या रंगीत कपड्यांत, प्रत्येकाचं पोट त्या कपड्यांबद्दल तक्रार करणारं. हे लोक सहसा थांबत नाहीत, त्यांचा वेग मोडतो. आईला हे कुठे माहीत? ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि मधली सुट्टी संपल्यावर पोरांना थांबवतात तसा हात वर करून उभी राहिली.

पाचही ब्रेक एकदम वाजले.

"पंप," आई म्हणाली. तो शब्द त्यांना कळला.

त्यांच्यातल्या एकाच्याच छोट्या पंपाचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हला बसत होतं. सायकलच्या पंपाने मोटरसायकलचं टायर भरायचं म्हणजे शेकडो वेळा दाबावं लागतं. पहिले काका उत्साहाने बसले. आई शेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मराठीत मोजायला लागली. चाळीसला ते थांबू लागले. "अजून दहा," आई म्हणाली, आणि दहा बोटं दाखवली. त्यांनी दहा मारले. मग पुढचा. प्रत्येकाला पन्नास. चौथ्याने पंचेचाळीसला सोडलं, तर आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेले पाच पूर्ण केले. दुसऱ्या फेरीत त्यांच्यात चढाओढ लागली, कोण न थांबता पन्नास मारतो त्याची. शेवटचे दोघे आईच्या मागोमाग मोजत होते. "एक्केचाळीस" म्हणताना त्यांची जी दैना झाली ती पाहून मला माझी सगळी डच भांडणं आठवली आणि फार बरं वाटलं.

आईने अंगठ्याने टायर दाबून पाहिलं, मान डोलावली आणि पाचही जणांच्या तळहातावर एकेक शेंगदाण्याचा लाडू ठेवला. पाची जणांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. एकाने माझ्याकडे कृती मागितली.

मदत सेवेला फोन करून सांगितलं, येऊ नका, आईने पंक्चर काढलं.  "तुमची आई मेकॅनिक आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही, गणिताच्या बाई आहेत," मी सांगितलं.

निघताना आईने दगड होते तिथे परत नेऊन ठेवले आणि डेलियाची जुडी मोटरसायकलच्या हँडलला बांधली, दसऱ्याला बांधतो तशी. जवळच्या पेट्रोल पंपावर हवा पूर्ण केली आणि तशाच फुलं लावलेल्या गाडीवरून आम्ही घरी आलो. बायकोने विचारलं, हे काय? आई म्हणाली, "एका बाईने सांत्वनाला दिली." आणि हात धुवायला गेली.

परतीच्या दिवशी विमानतळावर, आत जायच्या आधी, आईने पर्स उघडली. लाल दोरा सोडला आणि एक किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"धाकटीला सांग, किल्ली मिळाली," ती म्हणाली.

"आणि दुसरी?"

"कुठली दुसरी?"

तिचा चेहरा सरळ होता. मीही चेहरा सरळ ठेवला. "हेल्मेट घालशील?" मी विचारलं.

"घालते."

"मोठ्या रस्त्याला जाऊ नकोस. आणि पुन्हा पडलीस तर मला सांग. काकूंच्या आधी."

"सांगेन," ती म्हणाली. "पण तू आधी 'का' विचारायचं." मग माझ्या गालावर हात फिरवला आणि रांगेत गेली.

मी बहिणीला तिथूनच फोन केला. "किल्ली माझ्याकडे आहे," म्हणालो. "आईने स्वतःच्या हाताने दिली." यातला शब्दन् शब्द खरा आहे. बहिणीला रडू फुटलं. म्हणाली, दादा, तुझंच ऐकते ती. किल्ली इथे माझ्याकडे, आणि किल्लीवाचून गाडी कोण घेणार, म्हणून गिऱ्हाइकाचा विषय मागे पडला. गाडी जिन्याखाली राहिली.

तीन आठवड्यांनी रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघी दिसल्या. बहीण खुशीत होती. "आई हल्ली रोज सकाळी चालायला जाते," ती म्हणाली. "बघ चेहऱ्यावर कसं तेज आलंय." मी पाहिलं. आईचे केस दोन्ही बाजूंनी चप्प बसले होते आणि कपाळावर हेल्मेटच्या कडेची लाल रेघ उमटलेली होती. मी ती पाहिली हे आईने पाहिलं. तिने कपाळ खाजवल्यासारखं केलं आणि "ऊन फार आहे इकडे," म्हणाली.

बहीण चहा टाकायला आत गेली.

"आई," मी हळूच म्हणालो, "पुढच्या चाकातली हवा बघतेस ना?"

"रोज बघते. तू बघतोस का?"

तिच्या जाण्यापासून मी एकदाही बघितली नव्हती. फोन ठेवून खाली शेडमध्ये गेलो, गाडीशेजारी उकिडवा बसलो आणि मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. टायर कडक होतं. तिने कापलेलं दोरीचं टोक अजून तिथेच होतं.